वजन उतरल्याच्या टाळ्या

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आधी घेऊन टाक, कारण पुढे शिव्या आहेत. मी बरी आहे. घरात सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे आणि स्वयंपाकघरातला नळ गळतोय. तुझ्या बायकोला सांग, स्वेटर पोचला. बाह्या आखूड झाल्यात, पण ऊब छान आहे.

तू फोन करतोस आणि मी उचलत नाही, म्हणून रुसला असशील. काय करू? फोनवर तू हल्ली मला कार्यालयातल्या कारकुनासारखं मधेच तोडतोस. पत्रात तुला तोडता येणार नाही. चाळीस वर्षं पोरांना गप्प बसवलंय मी, तुला एका पत्रापुरतं बसवेन.

परवा तुला टीव्हीवर पाहिलं. शेजारीण धावत आली, "बाई, तुमचा भाऊ, तुमचा भाऊ!" करत. मीही कौतुकाने पदर सावरून बसले. आरोग्य खात्याचा खर्च सांभाळणारा मोठा साहेब, आणि याला मी शेंबूड पुसायला शिकवलं! टाय चांगला होता. बोलणं मात्र ऐकलं आणि टीव्ही बंद करून टाकला.

लठ्ठपणातून होणाऱ्या कॅन्सरवर सरकारी दवाखान्यांचा पैसा पाण्यासारखा जातो, म्हणालास. ऑपरेशन लांबतं, टेबलाशी जास्त माणसं उभी करावी लागतात, जखम भरत नाही, खाट अडून राहते. "एका वजनदार रुग्णाच्या खर्चात दोन सडपातळ रुग्ण घरी जातात." आणि मग तू हसलास! समोरचेही हसले. म्हणून तुम्ही नियम केलात, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनची तारीख मागा. आणि या अकलेबद्दल तुझा सत्कार होणार आहे, मी पहिल्या रांगेत बसावं अशी तुझी इच्छा आहे. नाही येणार. परीक्षा जवळ आल्यात.

आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. तू हिशेबात लहानपणापासून पक्का. पण तुझ्या डोक्यामागे फलकावर काय होतं ते तू वळून पाहिलंस का रे? त्या फसफसत्या गोड पाण्याच्या बाटलीचं चित्र. कार्यक्रमाचा खर्च त्यांनी उचलला, असं बारीक अक्षरात लिहिलंही होतं. तीच बाटली माझ्या शाळेच्या व्हरांड्यात एका मशीनमधून बाहेर पडते. तुमच्याच सरकारने परवानगी दिली, जागेचं भाडं मिळतं म्हणून. मी भांडले, तीन साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या, काही झालं नाही. मधल्या सुट्टीत पोरं रांगेत उभी असतात आणि पिण्याच्या पाण्याच्या नळाला कुत्रं विचारत नाही. पोरपणी पाजायचं, आणि मोठेपणी काट्यावर उभं करून विचारायचं, का गं बाई, एवढी कशी गं झालीस? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बरं, मुद्द्याचं. माझ्या ओळखीत एक शिक्षिका आहे. शरीराने भरलेली आहे, तोंडाने त्याहून. पाळी जाऊन वर्षं झाली आणि तिला पुन्हा रक्त दिसलं. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. लवकर कळलं होतं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढली की सुटलात. पण तुझा नियम आडवा आला. वजन ठरलेल्या आकड्याखाली येईपर्यंत गोळ्या घ्या, आणि दर सोमवारी काट्यावर या. सप्टेंबरपासून बिचारी येतेय आणि जातेय. खाजगीत का जात नाही असं विचारू नकोस, शिक्षकांचा पगार तुला माहीत आहे.

हा नियम काढ. निदान कॅन्सरवाल्यांपुरता काढ. गुडघ्यांना थांबव हवं तर, गुडघा थांबतो. तो रोग थांबत नाही. तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही, म्हणून हे दोनदा वाच.

ताई


२१ मार्च

धाकट्या,

उत्तर मिळालं. छापील कागद, वर शिक्का, खाली शाईची सही. सख्ख्या बहिणीला लिहिताना जावक क्रमांक घालणारा तू जगातला पहिला भाऊ असशील.

काय लिहिलंस? "ताई, प्रत्येकाच्याच ओळखीत कोणीतरी असतं. अपवाद केले की नियम उरत नाही. भावनेवर खातं चालत नाही. त्या बाईंना सांग, मनावर घेतलं तर सगळं होतं."

मनावर घेतलं तर! शी! वाचून कागद हातातून टाकून दिला, नंतर उचलला, पुन्हा वाचला आणि पुन्हा तीच शिसारी आली.

ती बाई मी आहे.

आता खुर्चीत नीट बस आणि पुढचं वाच. तुला का सांगितलं नाही? एक म्हणजे, तू लहानपणापासून माझ्या अंगावरून बोलत आलायस. जिना चढताना "सरका, हत्ती येतोय" म्हणायचास, आणि सगळं घर हसायचं, मीही हसायचे. हा आजार जाडीचा आहे म्हटल्यावर तुझ्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मला बघायचं नव्हतं. आणि दुसरं, मुद्दामच सांगितलं नाही. ओळख न देता हात पुढे केला तर तू त्यावर काय ठेवतोस ते बघायचं होतं. बघितलं.

आता तुझा नियम कसा चालतो ते सांगते, कारण तू तो फक्त लिहिलायस.

दवाखान्यातला नेहमीचा काटा आमच्यातल्या काहींना पुरत नाही. सुई शेवटाला जाऊन थरथरते. म्हणून आम्हाला स्वयंपाकघरामागच्या गोदामात नेतात. तिथे पोती तोलायचा जमिनीलगतचा काटा आहे. त्यावर पीठ सांडलेलं असतं, कधी कांद्याची सालं. चपला काढून, अंगात दवाखान्याचा झगा घालून, सगळ्यांसमोर त्यावर उभं राहायचं. झगा मागून उघडा राहतो, तो एका हाताने धरायचा. आमच्या आधी बटाटे तोलून होतात. एकदा तर हमाल म्हणाला, "बाई, दोन मिनिटं थांबा, साखर राहिलीय." साखरेचा नंबर आमच्या आधी!

वजन करणारी सिस्टर मनाने वाईट नाही. तुमच्या खात्यातून तिला चार दिवस शिकवून पाठवलंय की रुग्णांचा उत्साह वाढवायचा. म्हणून ती आकडा मोठ्याने वाचते. कमी झाला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि ती कार्डावर सोनेरी चांदणी चिकटवते. वाढला की सगळ्यांनी "अरेरे" म्हणायचं. आम्ही तिला टाळीबाई म्हणतो. मी मुख्याध्यापिका, पहिलीच्या पोरांना चांदण्या वाटणारी, माझ्या कार्डावर चांदणी!

माझ्यापुढे एक कंडक्टर असते. शहर बसवर आहे, बत्तीस वर्षांची, माझ्यासारखाच आजार, तोही अगदी सुरुवातीचा. तिकिटाची बॅग काढून ठेवते आणि काट्यावर चढताना ओरडते, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे!" सगळ्या हसतात. एकदा माझ्या कानात म्हणाली, "बाई, गोदामातल्या पोत्यांना निदान उंदीर तरी खातात. आपलं वजन कोण कमी करणार?" मी इतकी हसले की झगा सुटला.

आणि खरं सांगू? मला चांदण्या मिळायला लागल्यात. जानेवारीपासून दर सोमवारी. काही विशेष करत नाही मी. भूकच मेली आहे. दोन घास खाल्ले की तिसरा तोंडात फिरत राहतो. टाळीबाई सगळ्यांना सांगते, "बघा, या वयात! मनावर घेतलं की होतं." तुझीच भाषा. माझा फोटो काढून गोदामाच्या दारावर लावलाय, खाली लिहिलंय "आदर्श रुग्ण". जाता-येता बायका मला विचारतात, काय खाता, काय सोडलंत. शाळेतही सगळे म्हणतात, बाई, दहा वर्षांनी तरुण दिसता. आणि मला, लाज वाटते सांगायला, मला गोड वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या अंगाला चांगलं म्हणतंय. आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहते. ब्लाऊज शिंप्याकडून लहान करून घेतलेत.

पाठीत मात्र सारखं दुखतं आणि जिना चढताना धाप लागते, पूर्वीपेक्षा जास्त. टाळीबाईला सांगितलं. ती म्हणाली, चरबी वितळताना असं होतंच. तर पुढच्या महिन्यात तुझ्या आकड्याखाली येईन, ऑपरेशन होईल आणि सुटेन.

माझ्यासाठी कुणाला फोन करू नकोस. रांगेत घुसणाऱ्या पोरांचे कान पिळलेत मी जन्मभर. फोन केलास तर तुझाही पिळेन, कितीही मोठा साहेब झालेला असलास तरी.

ताई


१२ मे

धाकट्या,

तू परवा माझ्या खाटेशी बसून रडलास आणि मी तुला हाकलून दिलं. नर्सबाई बघत राहिल्या. त्याचं वाईट वाटतंय, पण हाकललं ते बरोबरच केलं. आता दुखणं जरा थांबलंय, तर काय झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे तुला नंतर सोयीचं आठवायला नको.

मी नको म्हटलं तरी तू फोन केलास. "विशेष बाब" म्हणून माझ्या एकटीच्या नावाने सहीचा कागद आला. वैद्यकीय अधीक्षक स्वतः मला आणायला फाटकापर्यंत आले, "आधी सांगायचंत ना बाई" म्हणत. त्यांच्या हातात माझी पर्स होती. इतकी किळस आली मला! आणि तरीही मी गेले. दुखत होतं रे. घाबरले होते. तत्त्वं पायरीवर ठेवली आणि आत गेले, हेही लिहून ठेवते.

ऑपरेशनच्या आधी पोटाचा आणि छातीचा फोटो काढला. यकृतात आहे, फुफ्फुसात आहे, पाठीच्या मणक्यात आहे. कोवळा डॉक्टर होता, माझ्या शाळेतून गेलेल्या कुठल्याही पोरासारखा. मान वर करवेना त्याला. कागदाकडे बघत म्हणाला, "बाई, प्रयत्न न करता एवढं वजन उतरत होतं, तेव्हा कुणी काही विचारलं नाही?"

मी म्हटलं, "विचारलं नाही. टाळ्या वाजवल्या."

ते वजन मी उतरवलं नव्हतं, धाकट्या. तो रोग मला खात होता आणि आम्ही सगळ्या जणी मिळून त्याचं कौतुक करत होतो. चांदण्या त्याला मिळत होत्या. मी त्याच्यासाठी ब्लाऊज लहान करून घेत होते.

आता ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणतात. वरातीमागून घोडं आलं तुझं. आता दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध चढवायचं, ते किती दिवस, कुणी सांगत नाही. एका बाटलीची किंमत मी विचारली. नर्सने सांगितली तेव्हा मला हसू फुटलं, खरंच फुटलं. त्या एका बाटलीच्या पैशात पिशवी काढून झाली असती, वर चार दिवसांचं जेवण आणि घरी जायला गाडी. तू हिशेबात पक्का ना रे? मग मांड की. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तुझा कारभार, आणि तो स्वस्तातही पडला नाही.

सोमवारी मी गोदामात गेले. चालवत नव्हतं, तरी गेले, कारण दारावर माझा फोटो अजून होता. मी टाळीबाईला म्हटलं, काढा तो. ती म्हणाली, वरून आदेश आल्याशिवाय काढता येत नाही. मग मी स्टूल ओढलं, चढले आणि फाडला. सगळ्या बायका झगे धरून उभ्या. मी वर्गात बोलते तशा आवाजात सांगितलं, "ऐका. मी काही सोडलं नाही, काही मनावर घेतलं नाही. मला कॅन्सर खातोय. ज्यांचं वजन आपोआप उतरतंय त्यांनी आज, आत्ता डॉक्टरकडे जा. चांदणी घेऊ नका."

मागे एक नवीन बाई आली होती, पहिलाच सोमवार तिचा. तिला वाटलं, कार्यक्रमाचा भाग आहे. तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सवयीने आणखी दोघींनी वाजवल्या. मग टाळीबाई मटकन खाली बसली, साखरेच्या पोत्यावर, आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. तिच्यावर चिडू नकोस. तिला तुम्ही शिकवलं तेच तिने केलं.

कंडक्टर तिथे नव्हती. चौकशी केली. माझा फोटो बघून पोरीने जेवण सोडलं होतं. वर लघवीच्या गोळ्या घेत होती, सोमवारी आकडा कमी दिसावा म्हणून. चालत्या बसमध्ये चक्कर येऊन पडली, कपाळाला टाके पडले. आता खालच्या मजल्यावर आहे. मी तिला भेटायला गेले. म्हणते, "बाई, माझं अजून पाच किलो जास्त आहे. तुम्ही कसं केलंत ते मला खरं सांगा ना." तिला खरं सांगितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी जाड आहे तोवर जिवंत आहे, पण ऑपरेशन नाही. आणि बारीक झाले की ऑपरेशन, पण तोवर मी असेन का?" याचं उत्तर तू दे. नियम माझा नाही.

तिच्याही पोटाचा-छातीचा फोटो काढलाय, तिच्यात अजून कुठे पसरलेलं नाही. आज पिशवी काढली तर ती सुटते, जशी मी सप्टेंबरमध्ये सुटले असते. मी अधीक्षकांना म्हटलं, माझ्या नावाने आलेला कागद तिला लावा, मला काय उपयोग त्याचा. म्हणाले, विशेष बाब आहे, नाव बदलता येत नाही. साहेबांची बहीण आहात म्हणून होतं ते. तोंडावर म्हणाले असं, आणि वर हसले.

परवा तू माझा हात धरून काय विचारलंस आठवतं? "ताई, मला आधी का नाही सांगितलंस?" अरे, सांगितलं होतं! फेब्रुवारीत सांगितलं होतं. एक शिक्षिका आहे, तिला कॅन्सर आहे, तिला थांबवू नका, दोनदा वाच म्हटलं होतं. तुला आजारी बाई कळली नाही, फक्त बहीण कळली. म्हणून हाकललं तुला. तुझे अश्रू खरे होते, मला माहीत आहे, मी वाढवलंय तुला. पण खाली एक पोरगी तुझ्या सहीवाचून पडलेली, आणि तू वर माझ्यासाठी रडत होतास. मला ते रडणं अंगावर घ्यायची घाण वाटली.

कंडक्टरसाठी वेगळा कागद पाठवू नकोस. तिच्यामागे अजून सोळा-सतरा बायका त्या काट्यापाशी उभ्या असतात, त्यातल्या कुणाचा भाऊ साहेब नाही. नियमच काढ. तुझा सत्कार झाला, फोटो छापून आले, आता माघार घेतली तर लोक हसतील, हे मला समजतं. हसू देत. मी लोकांच्या हसण्यात जन्म काढला, मरत नाही माणूस त्याने.

आणि नियम निघाला की त्याच दिवशी ये. येताना फळं आणू नकोस, जात नाहीत. नुसता ये आणि उशाशी बस. मला तू हवा आहेस रे, फार हवा आहेस, रात्री दुखायला लागलं की तुलाच हाक मारते. पण नियम तसाच ठेवून आलास तर मी भिंतीकडे तोंड करून पडेन, आणि तू गेल्यावर रडेन. मला ते करायला लावू नकोस.

घाई कर. तू म्हणशील, समिती बसवावी लागते, फाईल फिरावी लागते, महिना-दोन महिने जातात. कंडक्टरला ते परवडत नाही. मलाही नाही.

एक रुग्ण,
आणि मग तुझी ताई